शेजारच्या सरकारी शाळेला मंडळीची साथ: पहिल्या भेटीपासून पुढच्या इयत्तेपर्यंत

अहिल्यानगर, जालना, सोलापूर, मिरज, कोल्हापूर, वसई. जिथे जिथे मराठी ख्रिस्ती वस्ती जुनी आहे, तिथे चर्चच्या कंपाउंडपासून जवळच जिल्हा परिषदेची किंवा नगरपालिकेची एखादी शाळा असते. तिची घंटा आपल्याला ऐकू येते, मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या, काहींची नातवंडंही तिथेच शिकतात. तरी मंडळी म्हणून आपण त्या शाळेत गेलोच तर वर्षातून एकदा, बहुधा डिसेंबरात, खाऊ आणि वह्या वाटायला जातो. हा लेख उरलेल्या वर्षाबद्दल आहे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. दोन शिक्षक आणि चार-पाच वर्ग असलेल्या शाळेत सगळ्यात मोठी टंचाई माणसांच्या वेळेची असते. चौथीतल्या ज्या मुलाला अजून जोडाक्षर वाचता येत नाही, त्याच्याजवळ वीस मिनिटं बसायला तिथे कुणी मोकळं नसतं. मंडळीत निवृत्त शिक्षिका असतात, नर्सेस असतात, बँकेतून आणि पोस्टातून निवृत्त झालेले हिशेबाचे पक्के लोक असतात. दर आठवड्याला ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी एकत्र यायची सवय त्यांना लहानपणापासून असते. शाळेला नेमकं हेच हवं आहे. फक्त ते शाळेच्या अटींवर, कसलीही परतफेड न मागता द्यायला हवं.

आपल्या मागे परंपरा मोठी आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८१५ मध्ये मुंबईत शाळा काढली, १८२४ मध्ये मुलींसाठी. सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईत आल्या, १८३९ पासून अहमदनगरला मुलींना शिकवत राहिल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण नगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंकडे घेतलं. जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, आणि १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे त्यांनी आग्रह धरला तो सरकारने प्राथमिक शिक्षण तळागाळापर्यंत न्यावं याचा. ती मागणी आज कायद्यात उतरली आहे. मिशनच्या काळात शाळा आपली होती, नियम आपले होते. आता शाळा गावाची आहे आणि आपण तिथे पाहुणे आहोत. पुढची सगळी पथ्यं यातूनच येतात.

आधी मंडळीत ठरवा

शाळेत जाण्यापूर्वी पास्टोरेट कमिटीत किंवा पॅरिश कौन्सिलमध्ये, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीत, हा विषय रीतसर मांडा आणि ठराव करा. ठरावात चार गोष्टी असाव्यात: कोणत्या शाळेसोबत काम करायचं, किती वर्षं, जबाबदारी कुणाची, आणि पैसा कुठून. शाळा एकच घ्या. तालुक्यातल्या पाच शाळांना प्रत्येकी दहा पंखे देण्यापेक्षा एका शाळेत तीन वर्षं टिकणं मुलांच्या जास्त उपयोगाचं आहे. मुदत निदान तीन वर्षांची ठेवा, कारण पहिलं वर्ष ओळख होण्यातच जातं. पाळकांची बदली झाली तरी काम थांबू नये, म्हणून जबाबदारी पाळकांवर न ठेवता दोन-तीन सभासदांवर ठेवा.

पैसा स्थानिक दानार्पणातूनच काढा. तुमच्या ट्रस्टला विदेशी देणगी मिळत असेल तर ती या कामात मिसळू नका. विदेशी देणगी नियमन कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीनंतर असा निधी दुसऱ्या कुणाकडे वळता करता येत नाही. कायद्याचा भाग सोडला तरी, ‘हा पैसा इथल्याच माणसांनी दर रविवारी दिलेला आहे’ असं गावाला सांगता येणं मोलाचं आहे. ट्रस्टच्या घटनेत शैक्षणिक साहाय्य हा उद्देश आहे का, तेही एकदा वाचून घ्या.

मंडळीची स्वतःची इंग्रजी माध्यमाची शाळा असेल तर एक अवघड गोष्ट आधीच बोलून घ्यावी लागेल. सरकारी शाळेत किती शिक्षक राहतील हे पटावर ठरतं. पट घसरला की शिक्षकाचं पद जातं. त्यामुळे मुख्याध्यापकांच्या मनात पहिली शंका हीच येणार: हे लोक आमची मुलं त्यांच्या शाळेत न्यायला आले आहेत का? त्या मुलांना आपल्या शाळेत ओढणार नाही, प्रवेशाची पत्रकं त्या आवारात नेणार नाही, हे कमिटीने लिहून ठेवावं. हे पाळणं जमणार नसेल तर ही वाट धरू नये.

धर्माची गोष्ट शाळेच्या फाटकाबाहेर

संविधानाच्या २८व्या अनुच्छेदानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. आपल्यासाठी याचा अर्थ असा: परिपाठात गीत नको, पुस्तकात घातलेली पत्रिका नको, आजारी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना नको, पवित्र शास्त्रातल्या गोष्टी ‘नीतिकथा’ म्हणूनही नकोत. शब्बाथशाळेचं (मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाचं) किंवा नाताळच्या कार्यक्रमाचं आमंत्रण शाळेतून द्यायचं नाही. शिक्षकांनी आग्रह केला, ‘एखादं गाणं म्हणा की’, तरी शाळेच्या पुस्तकातलीच कविता म्हणा.

हे केवळ कायद्याच्या धाकाने पाळायचं नाही. पेन्सिल देणाऱ्या माणसाचं मन सात वर्षांच्या मुलाला मोडवत नाही. त्याच्या या भिडेचा उपयोग करून घेणं हा अन्याय आहे, मग तो कितीही चांगल्या हेतूने केलेला असो. तुमच्या विश्वासाबद्दल कुणा मोठ्या माणसाने आपणहून विचारलं, तर संध्याकाळी आपल्या घरी, चहा पिताना बोला. शाळेत मुलांना तुमच्याबद्दल एवढंच माहीत असावं की बुधवारी दहा वाजता या आजी येतात.

मुख्याध्यापकांची पहिली भेट

जूनचा दुसरा पंधरवडा टाळा. प्रवेश, पाठ्यपुस्तकांचं वाटप, ऑनलाइन माहिती भरणं यात गुरुजी बुडालेले असतात. जुलैच्या मध्यावर, शाळा सुटायच्या अर्धा तास आधी, फोन करून जा. दोघांनीच जा. त्यातला एक निवृत्त शिक्षक असला तर बोलणं लवकर जमतं. हारतुरे, फोटो काही नको.

या भेटीत काही देऊ करायचं नाही, विचारायचं. ‘काय हवंय?’ असं विचारलं तर उत्तर येईल: प्रिंटर, पंखे, रंगरंगोटी. पाहुण्याकडे असंच मागायची शाळांना सवय झाली आहे. त्याऐवजी असे प्रश्न विचारा: कुठल्या वर्गाची काळजी वाटते? आठवड्यातला कुठला दिवस सगळ्यात जड जातो? कोणती मुलं वारंवार गैरहजर असतात, आणि का? दिवाळीनंतर किती मुलं गाव सोडतात? केंद्रप्रमुखांच्या (आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या) बैठकीला एक शिक्षक गेले की वर्ग कोण सांभाळतं? उत्तरं लिहून घ्या, आभार माना आणि निघा.

सरकारकडून काय मिळतं हेही याच वेळी समजून घ्या, म्हणजे दुबार खर्च होत नाही. पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात, गणवेशाची योजना आहे, दुपारचं जेवण आहे. समग्र शिक्षा अभियानातून वर्षाला संयुक्त शाळा अनुदान येतं. पट ३० पर्यंत असेल तर १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,००० आणि २५० पर्यंत ५०,००० असा त्याचा ठरलेला दर आहे. वीजबिल, खडू, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती हे सगळं त्यातच बसवायचं असतं. वीस मुलांच्या शाळेचे १०,००० किती दिवस पुरतील याचा हिशेब करून पाहा. तुटलेली कडी, गळणारा नळ, फुटलेलं कौल महिनोन् महिने तसंच का राहतं ते कळेल. मंडळीत सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन असतील तर अशी दोन-तीन कामं पहिल्याच महिन्यात, समितीच्या संमतीने, गाजावाजा न करता उरकून टाका.

शाळा व्यवस्थापन समितीपुढे

मुख्याध्यापकांचा होकार पुरेसा नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा ही समितीच करते. तुमच्या कामाला खरी मान्यता तिचीच हवी. मंडळीतल्या कुणाची मुलं त्या शाळेत असतील तर त्या पालकांनी समितीच्या निवडीला जरूर उभं राहावं, पण पालक म्हणून. चर्चचा प्रतिनिधी म्हणून तिथे बसायचं नाही.

समितीला द्यायचं पत्र साधारण असं असावं:

> प्रति, मा. अध्यक्ष व मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा (गावाचे नाव).
>
> विषय: शाळेच्या गरजेनुसार स्वयंसेवी सहकार्याबाबत.
>
> महोदय, आमच्या मंडळीतील सहा सभासद, त्यांपैकी तीन निवृत्त शिक्षक, या शैक्षणिक वर्षात आठवड्यातून दोन दिवस, शाळा ठरवील त्या वेळेत, वाचनात मागे राहिलेल्या मुलांसोबत काम करण्यास तयार आहेत. हे काम वर्गशिक्षकांच्या सूचनेनुसार व त्यांच्या नजरेसमोर होईल. शाळेत कोणत्याही प्रकारचे धार्मिक शिक्षण, प्रार्थना, प्रचार वा साहित्यवाटप केले जाणार नाही. फलक लावले जाणार नाहीत, मुलांची छायाचित्रे घेतली जाणार नाहीत. समितीने सांगितल्यास काम तत्काळ थांबवू. स्वयंसेवकांची नावे, ओळखपत्रांच्या प्रती व पोलीस पडताळणीची कागदपत्रे सोबत जोडली आहेत. समितीच्या पुढील बैठकीत विचार व्हावा, ही विनंती.

पत्राची प्रत केंद्रप्रमुखांना आणि ग्रामपंचायतीला द्या. समितीच्या इतिवृत्तात ठराव आला की त्याची प्रत मागून घ्या. शिक्षण मंत्रालयाच्या विद्यांजली पोर्टलवरही नोंदणी करता येते. शाळा तिथे आपली गरज मांडते आणि स्वयंसेवक किंवा संस्था प्रतिसाद देतात. शाळेचा ११ अंकी यूडायस हा सरकारी ओळखक्रमांक मुख्याध्यापकांकडे असतोच. कामाची सरकारी नोंद झाली की उद्या नवे मुख्याध्यापक आले तरी सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागत नाही.

वाचन: इथे जीव ओता

एकच काम करायची ताकद असेल तर हे करा. तिसरीच्या अखेरीस मुलाला सलग वाचता आलं नाही, तर पुढचा प्रत्येक विषय त्याच्यासाठी बंद दार होतो. परिसर अभ्यास असो की गणितातली शाब्दिक उदाहरणं, सगळीकडे तो अडतो आणि हळूहळू शाळेत यायचंच टाळू लागतो.

सुरुवात तपासणीने करा. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीतली पद्धत सोपी आहे आणि बऱ्याच शिक्षकांना ती माहीत असते. मुलाला एकट्याला शेजारी बसवून अक्षरं, सोपे शब्द, चार ओळींचा परिच्छेद आणि छोटी गोष्ट यांपैकी कुठवर वाचता येतं ते पाहायचं. एका मुलाला पाचेक मिनिटं लागतात. मग गट पाडायचे ते या पातळीवर. इयत्ता बघायची नाही. पाचवीचा मुलगा शब्दांपाशी अडला असेल तर तो शब्दांच्या गटात. मोठ्या मुलाला लाज वाटू नये म्हणून गटांना झाडांची किंवा नद्यांची नावं द्या, ‘कच्चा गट’ हा शब्दसुद्धा उच्चारू नका.

एका स्वयंसेवकाकडे पाच-सहा मुलं, पाऊण तास, आठवड्यातून निदान दोनदा. अक्षरांच्या गटात प्रत्येकाच्या नावातल्या अक्षरांपासून सुरुवात करा. स्वतःचं नाव ओळखता आलं की मूल पुढच्या अक्षरासाठी आपणहून हात पुढे करतं. बाराखडीचा तक्ता रोज मोठ्याने, बोट ठेवून म्हणायचा. शब्दांच्या गटात मुलांच्या रोजच्या तोंडातले शब्द घ्या: विळा, पाचट, करडू, मोटार, डबा. काना, मात्रा, वेलांटी एकेक करून या शब्दांतूनच शिकवा. परिच्छेदाच्या गटात आधी तुम्ही वाचा, मग सगळ्यांनी मिळून, मग एकेकाने. वाचून झाल्यावर पुस्तक मिटून ‘काय झालं ते सांग’ म्हणा. घडाघडा वाचणाऱ्या पण काहीच न समजलेल्या मुलाची खरी अडचण इथेच दिसते.

मुलांच्या बोलीला हात लावू नका. कुणाच्या घरी गोरमाटी बोलतात, कुणाच्या भिल्ली, वसईत सामवेदी किंवा वाडवळी. ‘असं नाही बोलायचं, शुद्ध बोल’ असं एकदा जरी म्हटलं, तरी ते मूल त्या दिवशी पुन्हा तोंड उघडत नाही. त्याचा शब्द ऐकून घ्या, पुस्तकातला शब्द शेजारी ठेवा आणि पुढे चला. निवृत्त शिक्षकांना हे पथ्य सगळ्यात जड जातं. त्यांना आधी बसवून स्पष्ट सांगावं.

हाताशी गोष्टींची पुस्तकं हवीत. स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर मराठी बालकथा मोफत मिळतात, वाचनपातळीप्रमाणे लावलेल्याही असतात. छापून, जाड पुठ्ठा लावून शिवून घ्या. मंडळीच्या महिला मंडळाला एका दुपारचं हे काम आहे. पुस्तकं मुलांना घरी नेऊ द्या. काही फाटतील, काही हरवतील. कपाटात कुलूपबंद राहण्यापेक्षा ते बरं.

दर दोन महिन्यांनी पुन्हा तीच तपासणी करा. नोंदीचा कागद वर्गशिक्षकांकडे राहील. चर्चच्या अहवालात मुलांची नावं येणार नाहीत.

कोयत्याबरोबर जाणारी मुलं

बीड, अहिल्यानगर, जालना या पट्ट्यातल्या मंडळ्यांनी हा भाग नीट वाचावा. ऊसतोड मजुरांची कुटुंबं दिवाळीच्या सुमारास निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. शाळेचं अर्ध्याहून अधिक वर्ष त्यात जातं. मागे राहू शकणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे. मुलं गावातच आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहतात आणि त्यांच्या जेवणाची सोय शाळेकडून, व्यवस्थापन समितीमार्फत होते. मात्र प्रस्ताव वेळेत जावा लागतो.

म्हणून काम सप्टेंबरमध्येच सुरू करा. वर्गशिक्षकांसोबत बसून जाणाऱ्या कुटुंबांची यादी करा. शिक्षकांबरोबर घरोघरी जा. तिथे आईबापांपेक्षा आजीशी जास्त बोलावं लागतं, कारण सहा महिने मूल सांभाळायचं ते तिला. तिचे प्रश्न खरे असतात: रात्री ताप आला तर कुणाला हाक मारू? पोरगी वयात आली आहे, तिची जबाबदारी कोण घेणार? मंडळीतली एखादी नर्स ‘मला फोन करा, मी येते’ म्हणाली आणि खरंच आली, तर कितीतरी मुलं मागे राहतात. संध्याकाळी तासभर अभ्यासाला सोबत, आणि आठवड्यातून एकदा मुलाचं आईशी फोनवर बोलणं करून देणं, एवढं तुम्ही करू शकता.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पुणे भागातल्या मंडळ्यांकडे याच मुलांचं दुसरं टोक असतं. कारखाना सुरू झाला की शेताच्या कडेला मजुरांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात. तिथल्या मुलाला जवळच्या शाळेत बसण्याचा पूर्ण हक्क आहे. जन्मदाखला नाही म्हणून किंवा वर्षाच्या मध्येच आलं म्हणून शाळा त्याला नाकारू शकत नाही, आणि वयानुसार वर्गात बसवणं कायद्याने बंधनकारक आहे. मूळ गावच्या शाळेने दिलेलं शिक्षण हमी कार्ड असेल तर काम आणखी सोपं होतं. कार्ड नसेल तर त्या गावच्या मुख्याध्यापकांचा फोन मिळवून द्या. दोन्ही टोकांच्या मंडळ्या एकमेकींना ओळखत असतात, सिनॉडला (मंडळ्यांच्या प्रतिनिधींच्या सभेला) आणि अधिवेशनाला भेटत असतात. नगर जिल्ह्यातल्या मंडळीने मिरजेच्या मंडळीला ‘अमुक गावची इतकी मुलं तुमच्याकडच्या कारखान्यावर येत आहेत’ एवढं वेळेत कळवलं, तरी त्या मुलांचा महिना वाया जात नाही. ही ओळख आपल्याकडे आयती आहे, ती या कामी यावी असं मला फार वाटतं.

कोपीवरची मोठी मुलगी बहुधा शाळेत येत नाही, कारण आई फडात गेल्यावर धाकटं भावंड तिच्या कडेवर असतं. तिला शाळेचं महत्त्व समजावण्यात वेळ घालवू नका. अंगणवाडी सेविकांना भेटा आणि त्या बाळाची सोय लावा. बाळ सुटलं की मुलगी येते.

तपासणीनंतरचा दवाखाना

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येऊन मुलांना तपासतं. दृष्टिदोष, कानाचे आजार, हृदयाचे दोष लक्षात येतात, पुढच्या तपासणीची चिठ्ठी मिळते. खरी अडचण इथून सुरू होते. जिल्हा रुग्णालयात जायचं म्हणजे आईची एक दिवसाची मजुरी, बसभाडं आणि कुठल्या खिडकीवर उभं राहायचं ही भीती. चिठ्ठी दप्तरातच राहते. मिशन हॉस्पिटलमध्ये आयुष्य घालवलेल्या नर्सेस आपल्या मंडळ्यांत आहेत. मुख्याध्यापकांकडून, पालकांच्या लेखी संमतीने, अशा चिठ्ठ्यांची यादी घ्या आणि पालकाला सोबत घेऊन जा. मुलाला एकट्याने नेऊ नका. चष्मा मिळाल्यावर महिनाभराने मूल तो घालतं का हेही बघा. मुलींना पाळीविषयी माहिती द्यायची असेल तर शिक्षिकेने विषय मांडावा, नर्सने तिच्या जोडीला बसावं.

जेवणाबद्दल थोडक्यात. पंतप्रधान पोषण योजनेत लोकांनी आपल्या खर्चाने मुलांच्या ताटात भर घालण्याची सोय आहे. तिला तिथिभोजन किंवा स्नेहभोजन म्हणतात. रोजचं जेवण बंद करून नव्हे, त्याच्या जोडीला द्यायचं. घरून शिजवून आणू नका. शाळेच्या स्वयंपाकी ताईंच्या हातून, शाकाहारी, सगळ्या मुलांना सारखं. नाताळचा दिवस निवडू नका, ऑगस्टमधला एखादा साधा बुधवार चांगला. केळी, शेंगदाण्याची चिक्की, मोडाची उसळ पुरे.

मुलांच्या सुरक्षेत सवलत नाही

शाळेत जाणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाची पोलीस पडताळणी झालेली असावी, पाळकांचीही. एकट्या मुलासोबत बंद खोलीत कुणीही बसायचं नाही. वाचनाचे गट व्हरांड्यात किंवा उघड्या वर्गात, शिक्षकांना दिसतील असे. मुलांना गाडीवर बसवून सोडायचं नाही, त्यांचे फोन नंबर घ्यायचे नाहीत, मिठी मारायची नाही, एकाच लाडक्या मुलाला भेटवस्तू द्यायची नाही. मारणं आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई आहे. ‘छडी लागे छमछम’च्या काळातल्या आजोबांना हे आधी सांगा.

मुलाच्या बोलण्यातून लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पॉक्सो कायदा २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८. संशय मंडळीतल्याच माणसावर असला तरी तेच. ‘आपसांत मिटवू, चर्चची बदनामी नको’ हे वाक्य कुणाच्याही तोंडी आलं तर त्याला तिथेच थांबवा. मुलाचं नाव कुणाला सांगू नका, प्रार्थनासभेत विनंती म्हणूनसुद्धा.

हिशेब, फलक आणि गावातली शंका

रोख रक्कम कुणाच्या हातात देऊ नका. वस्तू द्या आणि शाळेच्या साठा नोंदवहीत तिची नोंद झाल्याचं पाहा. पैसेच द्यायचे असतील तर समितीच्या बँक खात्यात, पावती घेऊन. बाकावर, पंख्यावर, भिंतीवर चर्चचं नाव रंगवू नका. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे आपल्याला पाठ आहे, ते इथे लागू करा. पण गुप्तताही नको. गावाला सगळं माहीत असावं, म्हणून वर्षातून एकदा ग्रामसभेत काय केलं, किती खर्च झाला, हे दोन मिनिटांत सांगून खाली बसा.

‘हे धर्मांतरासाठी आले आहेत’ अशी शंका कुणीतरी घेईलच. रागावू नका. आपल्या मुलांच्या शाळेत कोण येतं हे विचारण्याचा गावाला हक्क आहे. मुलांसमोर वाद घालू नका. त्या दिवशी काम थांबवा, अध्यक्षांना फोन करा, शंका घेणाऱ्याला समितीच्या बैठकीला बोलवा आणि ठरावाची प्रत दाखवा. त्याहून चांगलं म्हणजे पहिल्याच वर्षी त्यांना कामात घ्या. गणेश मंडळातली मुलं, मशिदीच्या ट्रस्टमधले एखादे निवृत्त सर, विहारात अभ्यासिका चालवणाऱ्या ताई, देवस्थानचे विश्वस्त, यांतलं जो वाचनाच्या गटाला वेळ देईल त्याला घ्या. वेळापत्रक समितीचं, गट सगळ्यांचे. अशा गटात चर्चचं नाव उरत नाही, आणि ते नाव तिथे उरण्याची गरजही नाही.

समितीने ‘नको’ म्हटलं तर नको. वर्षभराने पुन्हा विचारता येईल. तोवर मंडळीतल्या पालकांना समितीच्या सभांना नियमित जायला सांगा.

चौथी, सातवी, आठवीनंतर

गावातली शाळा चौथी, पाचवी किंवा सातवी-आठवीपर्यंतच असते. पुढची शाळा दुसऱ्या गावात, आणि गळती त्या रस्त्यावर होते. आठवीतल्या मुलांसाठी एनएमएमएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांसाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीची, परीक्षा आहे. निवड झाल्यास नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं. अर्ज भरताना अडतं ते उत्पन्नाच्या दाखल्यापाशी. जुलैमध्येच पालकांसोबत सेतू केंद्रात बसणारा मंडळीतला एखादा निवृत्त कारकून वर्गातल्या सगळ्यांचे दाखले काढून देऊ शकतो, आणि गणिताच्या निवृत्त बाईंनी शनिवारी सराव घेतला तर मुलं परीक्षेला बिचकत नाहीत.

एप्रिलमध्ये वर्गशिक्षकांसोबत शेवटच्या वर्गाची यादी घेऊन बसा. प्रत्येक नावापुढे लिहा: पुढची शाळा कोणती, किती लांब, जायचं कसं. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा प्रवास मोफत आहे, तो पास जूनच्या पहिल्या आठवड्यात निघेल असं पाहा. त्या रस्त्यावर शाळेच्या वेळेला एसटी नसेल तर आगारप्रमुखांना समितीच्या सहीचं पत्र द्या. शाळा सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात यादी पुन्हा काढा. ज्या नावापुढे अजून शाळा लिहिलेली नाही, त्या घरी शिक्षकांना घेऊन जा. आठवीपर्यंतच्या मुलाला प्रवेशाची तारीख उलटली तरी शाळा घेते, हे त्याच्या आईला सांगा आणि दाखला काढायला तिच्यासोबत जा.